आज किती फूट?

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये दोन माणसं भेटली की तब्येतपाण्याचं नंतर, आधी विचारतात, "किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी कुठवर आलंय. 1929 चा पूल तो, पण पावसाळ्यात अख्खं गाव त्याच्याकडं डोळे लावून असतं. शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका. 40 जवळ आलं की आमच्या गावभागातली शहाणी माणसं धान्याचे डबे, दप्तरं, फ्रीज सगळं वरच्या मजल्यावर चढवायला लागतात, आणि जो 45 ची वाट बघत बसतो तो मग छातीभर पाण्यातनं गॅसची टाकी डोक्यावर घेऊन चालताना दिसतो. पाणी अचानक येत नाही हो. कोयना 105 टीएमसीचं धरण, त्यात किती भरलंय, दरवाजे किती फूट उचलले, क्युसेक किती सोडलं, तिकडं कर्नाटकात अलमट्टी धरणात काय चाललंय, हे सगळं आधी कळत असतं.

आमच्या घरात मात्र हा प्रश्न बारा महिने असतो. एप्रिलच्या उन्हात, नदी पार तळाला गेलेली असताना, बायको भाकरी थापता थापता मागं न बघता विचारते, "आज किती फूट?" मी सांगतो, अठ्ठावीस. कधी तेहतीस. एकदा सदतीस म्हटलं तर तिनं तवा उतरवला, हात धुतले आणि येऊन समोर बसली. हा आकडा नदीचा नाही, माझा आहे. मी जुगारी माणूस आहे, शेवटचा डाव लावून तीन वर्षं झालीत, आणि ही तीन वर्षं ज्या एका गोष्टीवर उभी आहेत ती हीच, म्हणून लिहायला बसलोय. कुणीतरी रात्री दोन वाजता अंगावर चादर घेऊन मोबाईलचा ब्राइटनेस कमी करून खेळत असेल, त्याच्यासाठी.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. शेतकऱ्याची पोती मोजायची, वजनं मांडायची, हिशोबपट्टी करायची. दोन रुपये इकडचे तिकडं झाले तर मला रात्री झोप लागत नाही, अजूनही. असल्या माणसानं 2007 पासून मटका खेळला. सुरुवात टपरीवरनं. चहा प्यायला गेलं की कुणीतरी विचारायचं "ओपन काय फुटला?" आणि आपल्याला माहीत नसलं की वाईट वाटायचं, एवढंच कारण. टपरीवरची म्हातारी माणसं सगळा इतिहास सांगायची. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावावर मुंबईत पैसे लागायचे, ओपन-क्लोज हे शब्द तिथले. मग 1962 ला कल्याणजी भगतनं कल्याण सुरू केला, 1964 ला रतन खत्रीनं न्यू वरळी, मडक्यातनं चिठ्ठी काढायची म्हणून मटका. असला इतिहास कानावर पडत राहिला की माणसाला वाटायला लागतं आपल्याला धंदा कळतोय. तीन आकडे काढायचे, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे ओपन, हे सांगताना माझा आवाज कसा मोठ्या माणसासारखा व्हायचा ते मला अजून आठवतं.

आता हिशोब बघा. 0 ते 9 दहा आकडे. एकावर दहा रुपये लावले आणि तोच फुटला तर हातात नव्वद. म्हणजे दहाच्या दहा आकड्यांवर दहा-दहा लावले तर शंभर जाणार आणि नव्वद येणार, रोज, न चुकता. जोडी म्हणजे ओपन-क्लोजचे दोन आकडे एकत्र, तिला शंभर शक्यता, मिळणार नव्वद पट, म्हणजे तेच. चौथीतल्या पोराला कळेल असला हिशोब, आणि दिवसभर दुसऱ्याच्या पट्ट्या पैशापर्यंत जुळवणाऱ्या मी तो चौदा वर्षांत एकदाही कागदावर घेतला नाही. येत नव्हता असं नाही. घ्यायचा नव्हता.

पुढं मोबाईल आला, त्यात रमी आली, मग क्रिकेट आलं, आणि टपरी चोवीस तास खिशात आली. टपरी निदान रात्री बंद व्हायची.

2019 चा महापूर सांगतो, कारण माझं काय झालेलं ते त्या दिवसांइतकं दुसऱ्या कशात दिसलं नाही मला. ऑगस्टचा दुसरा आठवडा, पाणी 57 फुटांच्या पुढं गेलेलं, आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलेलो, खालचा मजला पूर्ण पाण्यात. लाइट नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजत बसायचं, सकाळी सात दिसायच्या, दुपारी पाच. घरात दोन मोबाईल, एक बंद पडलेला, दुसऱ्यात अकरा टक्के बॅटरी. बायकोची आई हरिपूरला एकटी, तिचा दोन दिवस काही पत्ता नाही. बायको म्हणाली, नेटवर्क आलं की आईला लावते, तोवर बंदच ठेवा. मी मोबाईल घेऊन गच्चीवर गेलो, वर रेंज मिळते म्हणून. रेंज एक काडी आली. आणि मी रमी उघडली. आई आठवलीच नाही असं नव्हतं, आठवत होती, पण आधी एक डाव, पटकन एक डाव, मग लावू. पत्ते वाटले गेले, माझ्याकडं बदामाची सत्ती-अठ्ठी आली हे मला आजही दिसतं, आणि खालून पाण्याचा तो घों घों आवाज. नऊ टक्के. सात. चार. मग काळं झालं. मी खाली आलो आणि म्हटलं रेंजच नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी होडी आली, आम्ही निघालो, तिची आई सुखरूप होती, शेजाऱ्यांनी आधीच हलवलं होतं. पण त्या "बरं"ला काय उत्तर देणार.

तिला तेव्हाच कळलेलं का, हे मी दोन वर्षांनी विचारलं. म्हणाली, रेंज नसती तर तुम्ही मोबाईल खिशात ठेवून आला असता, तुम्ही तो हातात धरून आलेला आणि तो गरम होता.

यानंतरही मी अडीच वर्षं खेळलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण लोकांना वाटतं असा एखादा प्रसंग घडला की माणूस सुधारतो. नाही सुधारत. लाज वाटली की लाज विसरायला परत खेळायचं, असं ते चक्र असतं.

सगळं बाहेर आलं ते भिशीमुळं. आमच्या बिल्डिंगची बारा जणांची भिशी, पैसे माझ्याकडं, कारण दिवाणजी माणूस, हिशोबाला पक्का. जानेवारी 2022 ला चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर लागला, त्यांना मुलीच्या बाळंतपणाला हवे होते, आणि माझ्याकडं पैसे नव्हते. 60 हजार. त्यामागं बाकीचं सगळं निघालं, सोसायटीचं कर्ज, मोबाईलवरनं घेतलेली लहान लहान कर्जं, बायकोचं गंठण, बरणीतल्या दाणेकुटाखाली ठेवलेल्या नोटा. एकूण अकरा लाख चाळीस हजार. बायकोनं पोरीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर ती बेरीज केली, मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. दोनदा तिनं पेन्सिलीला टोक केलं.

आईनं मला गणपती मंदिरात नेलं, हात पुढं करायला लावला, शपथ घे म्हणाली. घेतली. मनापासून घेतली. पण शपथेत एक अडचण असते, ती मोडली की ती सांगायची हिंमत उरत नाही. आणि दुसरी गोष्ट, त्याच गणपतीपुढं मी कितीतरी वेळा उभा राहून "आज जोडी लागू दे" म्हणून हात जोडलेले होते. माझा देवावर विश्वास आहे, पण या कामाला तो एकटा पुरला नाही, डॉक्टर लागले.

डॉक्टरांकडं जायचं म्हटल्यावर घरात सगळ्यांचं एकच, वेडाच्या डॉक्टरकडं कशाला, मन घट्ट कर. मी सांगतो, मन घट्ट करून पूर थांबत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नऊ गोष्टी विचारल्या. रक्कम वाढवत न्यावी लागते का, थांबवलं की चिडचिड होते का, थांबवायचा प्रयत्न करून फसलाय का, मन उदास असलं की खेळता का, हरलेलं भरून काढायला परत जाता का, खोटं बोलता का, असं. वर्षभरात यातल्या चार असल्या तरी आजार धरतात. माझ्या आठ होत्या. ते म्हणाले, 1980 मध्येच अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांनी याला आजार म्हणून यादीत घेतलं, आणि 2013 पासून तर त्याला दारू-गर्दच्याच रांगेत बसवलंय, तुमच्या पोटात काही जात नसलं तरी डोक्यात तेच चालतं. मला ते ऐकून रडू आलं. सुटका झाली म्हणून नाही. इतकी वर्षं मी स्वतःला फक्त नालायक समजत होतो आणि नालायकपणाला औषध नसतं, आजाराला असतं.

त्यांनी अजून एक समजावलं जे मी दुसऱ्या प्रत्येकाला सांगतो. जिंकलं की मेंदू खूश होतो हे ठीक, पण थोडक्यात हुकलं तरीही तो जवळजवळ तसाच पेटतो. 47 लावला आणि 48 फुटला, तर साध्या हिशोबात ते हरणंच, 03 फुटला असता तरी तितकंच हरलो असतो. पण डोकं म्हणतं, अरे, जवळ आलो होतो. जवळ कसलं, आकड्याला शेजारी नसतो. आणि बक्षीस कधी येईल हे माहीत नसलं की माणूस जास्त चिकटतो, रोज ठरलेल्या वेळी मिळालं असतं तर केव्हाच कंटाळला असता. हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर रमीच्या स्क्रीनवरचा तो "एकच पत्ता कमी होता" असा दाखवणारा शेवट आला. तो उगाच दाखवत नव्हते.

मग व्यवस्था लावली. पगार बायकोच्या खात्यात. माझ्या खात्याचं यूपीआय बंद, माझ्याकडं बटणांचा साधा फोन. रोज सकाळी शंभर रुपये आणि रात्री त्याचा हिशोब, चहा दोन, वडापाव एक, उरलेले परत. कुणाला हे अपमानाचं वाटेल. मला पहिले सहा महिने वाटलं. नंतर लक्षात आलं की खिशात पैसे नसण्यात एक निवांतपणा आहे, कारण डोकं ज्या वाटेनं धावायचं ती वाटच समोर नसते.

सगळ्यात अवघड मालकांना सांगणं. दुकानाचा गल्ला माझ्या हातात होता, दिवसाला लाखाच्या घरात रोकड यायची-जायची, आणि मी त्यातला एक रुपया कधी उचलला नव्हता. तरी सांगायलाच हवं होतं, कारण नव्हता उचलला म्हणजे उचलणार नाही असं थोडंच आहे. दुपारी सौदे संपल्यावर, हमाल पोत्यांवर आडवे झालेले, मी गादीसमोर उभा राहून सांगितलं. मालक ऐकत होते. काही बोलले नाहीत. माझ्या बाजूला ठेवलेल्या गल्ल्याच्या किल्ल्या त्यांनी उचलल्या आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवल्या, आणि मग म्हणाले, "कालची पट्टी राहिलीय, ती कर." मी पट्टी करायला बसलो आणि अक्षर दिसेना. त्यांनी मला काढलं नाही हे मला तासाभरानं कळलं.

आता ते सांगतो ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. पंधरा महिने मी नीट होतो. आणि एप्रिल 2023 ला एका रात्रीत अठरा हजार घालवले. मेव्हण्याच्या मोबाईलवरनं, आयपीएलच्या मॅचवर. घरात परत तेच, आईचं रडणं, बायको गप्प. डॉक्टरांकडं गेलो तेव्हा मला वाटलं ते म्हणतील, झालं, परत पहिल्यापासून. ते म्हणाले, "त्या रात्रीचं सोडा. त्याच्या आधीचे दिवस सांगा. मागं मागं जाऊ."

मागं मागं गेलो. रात्री खेळलो. त्याच्या आधी तीन दिवस मॅचचा स्कोअर बघत होतो, नुसता बघत होतो. त्याच्या आधी आठवडाभर हरिपूर रोडला चालायला जाणं बंद केलेलं, पाय दुखतायत म्हणून, पाय दुखत नव्हते. त्याच्या आधी बायकोशी भांडण काढलेलं, कशावरनं तर शंभरच्या हिशोबात बारा रुपये कमी म्हणून. आणि ते बारा रुपये का कमी होते याच्या मागं गेल्यावर सापडलं, की तीन आठवड्यांपूर्वी एका शेतकऱ्यानं खूश होऊन मला सातशे रुपये दिले होते, चहापाण्याला. ते मी घरी सांगितलेच नाहीत. डब्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात, चेनच्या मागं, घडी करून ठेवलेले. खेळायला ठेवले नव्हते. असू देत म्हणून ठेवलेले. पण त्या दिवसापासून मी पिशवी स्वतः धुवायला लागलो.

पाणी तिथं 40 झालं होतं. अठरा हजार गेले ते 57. आणि मी, सांगलीत जन्मलेला, तीन पूर बघितलेला माणूस, माझी पातळी कुठून चढायला लागते हे कधी बघितलंच नव्हतं. खेळायचं नाही एवढाच मी पहारा ठेवला होता. पण खेळणं सगळ्यात शेवटी येतं, त्याच्या कितीतरी आधी एक लहानशी गोष्ट लपवलेली असते, आणि ती पैशाची असेलच असंही नाही.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोच म्हणाली, मग रोज विचारत जाऊ का, किती फूट म्हणून? तिनं ते सहज म्हटलं आणि आम्ही तेव्हापासून तेच धरून आहोत. आमची पट्टी अशी काही कागदावर लिहिलेली नाही. तीसच्या खाली म्हणजे साधा दिवस. बत्तीस-चौतीस म्हणजे दमलोय, उपाशी आहे, कुणाचा तरी राग आलाय, एकटं वाटतंय, यातलं काहीतरी. सदतीस म्हणजे डोक्यात आकडे फिरायला लागलेत, गाड्यांच्या नंबरप्लेटची बेरीज होतेय. चाळीस म्हणजे काहीतरी लपवलंय किंवा लपवावंसं वाटतंय. एकच नियम, आकडा खरा सांगायचा, आणि तिनं आकड्यावर रागवायचं नाही. हा दुसरा भाग तिच्यासाठी फार अवघड होता, मला माहीत आहे. पहिल्यांदा चाळीस म्हटलं तेव्हा तिचे ओठ थरथरत होते पण ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं." 2019 चं "बरं" आणि हे "बरं", दोन्ही मी ऐकलेत.

सांगलीत फक्त जुगाऱ्यांची अशी बैठक मला सापडली नाही. गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस नावाची संघटना 1957 पासून आहे, लॉस एंजलिसला सुरू झालेली, त्यांचे वीस प्रश्न मी एकदा वाचले, सातला हो आलं तरी जपा म्हणतात. पण इथं मी जातो ते दारू सोडलेल्यांच्या खुल्या मीटिंगला. तिथं एक एसटीतनं रिटायर झालेले ड्रायव्हर आहेत, एकोणीस वर्षं झाली त्यांना. मी बिचकत म्हटलं, मी दारूवाला नाही, जुगारवाला आहे, चालेल का. म्हणाले, "लेका, बाटली वेगळी एवढंच. बस की." आता संध्याकाळी आम्ही दोघं हरिपूरला संगमेश्वरापर्यंत चालत जातो, जिथं वारणा येऊन कृष्णेला मिळते. ते कमी बोलतात. हरिपूरला पूर्वी हळदीची पेवं असायची, जमिनीत खोल खड्डे, तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं हळद आत टिकायची, किडा लागत नव्हता. 2005 च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं खलास केली. एकदा तिथनं जाताना ते म्हणाले, हळद पुरून ठेवली तर टिकते, मनातलं पुरून ठेवलं तर सडतं. मी घरी येऊन ते बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, त्यांना एकदा जेवायला बोलवा.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला, 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम बंद, कौशल्याचा म्हणा नाहीतर नशिबाचा. जाहिराती बंद, बँकांनी त्यांचे पैसे फिरवणंही बंद. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे, हे मला फार बरोबर वाटलं. त्या आठवड्यात टीव्हीवर मॅचच्या मधल्या त्या जाहिराती नाहीशा झाल्या तर मला घरात शांतता झाल्यासारखं वाटलं, आमची पोरगी त्या जाहिरातीतली गाणी म्हणायची. पण म्हणून मी सुटलो असं नाही. टपरी आहे, बाहेरदेशी बसून चालवलेल्या साइट आहेत. दार बंद झालं ते चांगलंच, पण माझी खिडक्या शोधायची सवय जुनी आहे.

आणि खिडकी कधी कधी चांगले कपडे घालून येते. यार्डातल्याच एका ओळखीच्या पोरानं मला शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग समजावलं, दादा, हा जुगार नाही, अभ्यास आहे, तुमचं डोकं हिशोबाचं आहे, तुम्ही तर यात राजे व्हाल. चार्ट दाखवला. खोटं कशाला सांगू, तो चार्ट बघताना माझ्या तळहाताला घाम आला, तोच जुना घाम. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं 2024 ला आकडे काढलेत, आधीच्या तीन वर्षांत एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या साध्या माणसांपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. दुसऱ्या कुणाला तो धंदा असेल, त्यावर मी बोलणार नाही. माझ्या हाताला घाम आला म्हणजे माझ्यासाठी तो मटकाच. त्या रात्री अडतीस सांगितलं.

जे कुणी एकटे असतील, ज्यांना विचारणारं घरात कुणी नसेल, त्यांनी 14416 ला फोन करा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रंदिवस आहे, मराठीत बोलतात. मी केलाय. रात्री अडीचला. पलीकडच्या बाईंनी मला आधी जेवलात का विचारलं.

कर्ज अजून दोन लाख दहा हजार राहिलंय. भिशीचे पैसे सगळ्यांचे फिटले, काकूंचे सगळ्यात आधी, तरी काकू माझ्याशी बोलत नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या की मोबाईल बघतात. त्यांच्या मुलीच्या बाळंतपणात त्यांना भावाकडं हात पसरावे लागले, ते मी भरून देऊ शकत नाही, आणि त्यांनी माफ करावं असं मी मनातसुद्धा धरत नाही. दिवाळीला त्यांच्या दारात फराळाचं ताट ठेवून येतो. गेल्या वर्षी ताट धुऊन परत आलं, त्यात थोडी साखर घातलेली होती. रिकामं ताट परत करायचं नसतं म्हणून असेल.

या उन्हाळ्यातली एक गोष्ट. दुसरा शनिवार, बँक बंद. मालक लग्नाला कराडला गेलेले, दुकानात त्यांचा मुलगा, त्याला माझं काही माहीत नाही. दुपारी चारला एका व्यापाऱ्याचे चाळीस हजार रोख आले. मुलगा म्हणाला, मी निघतोय, तुम्ही घरी घेऊन जा, सोमवारी भरा. आणि पिशवी माझ्या हातात देऊन गाडीवर बसून गेलासुद्धा. मी म्हणू शकलो असतो, नको. तोंडातनं निघालंच नाही. यार्डाच्या गेटपर्यंत आलो. चाळीस हजार, शनिवार संध्याकाळ, सोमवार सकाळपर्यंत चाळीस तास, कुणालाही माहीत नाही. टपरी पन्नास पावलांवर. मला काही खेळायचं नव्हतं. पण बायकोला हे पैसे आहेत हे सांगायची काय गरज, सोमवारी भरणारच आहे, उगाच तिला काळजी, असं डोकं म्हणायला लागलं, अगदी समजूतदार आवाजात. तो आवाज मी ओळखला. पिशवीच्या आतल्या कप्प्याचा आवाज होता तो.

फोन लावला. ती म्हणाली, "काय हो?" मी काही बोललो नाही. मग तीच म्हणाली, "किती फूट?"

"बेचाळीस."

"कुठं आहात?"

"यार्डाच्या गेटला."

"तिथंच थांबा. हललात तर बघा."

वीस मिनिटांत स्कूटीवर आली, पोरीला मागं बसवून, केस तसेच, ओढणीला हळदकुंकवाचे डाग. मी पिशवी दिली, किती आहेत, कुणाचे, सगळं सांगितलं. तिनं पिशवी स्कूटीच्या डिकीत ठेवली नाही, छातीशी धरली. मग रसाच्या गाड्यावर बसलो, लाकडी बाकावर, पोरगी मधे. घुंगरं वाजत होती, पोरगी उसाची चिपाडं मोजत होती. कुणी काही बोललं नाही. रस संपला. तिनं विचारलं, आता?

मी म्हटलं, एकोणचाळीस.

तिनं गाडीवाल्याला आणखी दोन ग्लास सांगितले.